जोडाखालची फूट

श्रावणात, शनिवारी, माझ्या भावाने सकाळी तीन कलमं बांधली. दुपारी तो गेला. संध्याकाळी आम्ही त्याला पोचवून आलो.

तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान होता. रत्नागिरीजवळच्या एका शेतकी विद्यालयात उद्यानविद्या शिकवायचा आणि घरामागे, जांभ्या दगडाच्या गडग्याच्या, म्हणजे कुंपणाच्या भिंतीच्या, आत, त्याची स्वतःची रोपवाटिका होती. मी हायस्कुलात मराठी शिकवत असे. निवृत्त होऊन घरी होते. लग्न दोघांचंही झालं नाही. त्याची कारणं वेगवेगळी होती आणि त्यांचा इथे संबंध नाही. घरात आम्ही दोघं, आणि दिवसभर रोपवाटिकेत काम करणाऱ्या एक मावशी. त्या पलीकडच्या वाडीतल्या. त्यांचा नवरा आणि दोन्ही दीर मुंबईला. मला त्या ताय म्हणत, त्याला मास्तर.

शेवटच्या वर्षी तो पुस्तक करत होता. पुस्तक म्हणजे पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी लहानशी पुस्तिका: उद्यानविद्या म्हणजे काय आणि तिच्या मुख्य शाखा कोणत्या. लिहायचा त्याला कंटाळा. बोलायचा मात्र छान. म्हणून त्याने असा मार्ग काढला की काम करता करता फोनवर बोलून ठेवायचं आणि मी ते ऐकून लिहून काढायचं.

"मास्तर फोनाला शेती शिकवतायत," मावशी म्हणायच्या. "त्यो शिकल नि जाल मुंबयला."

"तू नाही का शिकलीस?" तो विचारायचा.

"मी शिकल्ये म्हनून तर हतंच ऱ्हायल्ये."

हे सगळं फोनमध्ये आहे. एका वाक्यात तो जमिनीचा निचरा सांगतो आणि पुढच्या वाक्यात मावशींना चहा ठेवायला सांगतो. मी लिहून काढताना चहा गाळून टाकत असे.

त्याचं पहिलं वाक्य होतं, "उद्यानविद्या म्हणजे गडग्याच्या आतली शेती." मी म्हटलं, व्याख्या अशी नसते. ग्रंथालयातून दोन पुस्तकं आणून दाखवली. फळे, भाजीपाला, फुले, मसाल्याची व लागवडीची पिके यांच्या उत्पादनाचे, जोपासनेचे आणि वापराचे शास्त्र व कला, असं काहीतरी त्यात होतं.

"ते खाली बारीक अक्षरात घाल," तो म्हणाला. "पोरांना आधी फरक कळू दे. भाताच्या शेतात कुणी एका रोपाकडे बघतं का? चार रोपं मेली तर पत्तासुद्धा लागत नाही. गडग्याच्या आत आलीस की प्रत्येक झाड वेगळं. एक मेलं तर जागा दिसते."

मी त्याचं वाक्य वर ठेवलं आणि ग्रंथातलं खाली.

आता त्या तीन कलमांविषयी.

आम्ही लहान असताना शाळेत चालत जायचो त्या वाटेवर एक रायवळ आंबा होता. रायवळ म्हणजे कुणी मुद्दाम न लावलेला, कोयीतून आपोआप उगवलेला. आमच्याकडे अशा प्रत्येक झाडाला चवीवरून नाव असतं. कुणी साखऱ्या, कुणी खोबऱ्या. आमचा तो शेप्या. त्याच्या फळाला बडीशेपेसारखा वास यायचा, आणि नुसत्या फळाला नाही, पान चुरगळलं तरी हाताला तो वास लागायचा. फळ लहान, रेषाळ, बाजारात कुणी हात लावला नसता. पण माझा भाऊ झाडांच्या नादाला लागला तो त्या पानांमुळे. पुढे विद्यालयात तो मुलांना पानं चुरून वासावरून झाड ओळखायला लावायचा. मुलं त्याच्या मागे त्याला शेपू सर म्हणायची. त्याला ते ठाऊक होतं आणि आवडायचंही.

महामार्गाच्या चौपदरीकरणात शेप्या गेला. खोडावर खूण पडली तेव्हाच आम्हाला कळलं होतं. वैशाखात शेवटची फळं आली. मी चार कोयी धुऊन ठेवल्या.

"कोयी कशाला?" त्याने विचारलं.

"लावू या ना. शेप्याच येईल."

"तो नाही येणार. त्याचं मूल येईल. मूल कसं निघेल ते कुणी सांगावं? तोच हवा असेल तर त्याचीच काडी हवी."

मग त्याने मला कोय कलम समजावून सांगितलं, जे त्या घरात इतकी वर्षं राहून मी कधी नीट ऐकलं नव्हतं. कुठल्याही आंब्याची कोय रुजवायची. तांबूस पानांचं कोवळं रोप वर आलं की त्याचा शेंडा उडवायचा. हा झाला खुंट. खुंटाच्या देठात मधोमध चीर द्यायची. हव्या त्या झाडाची पेन्सिलीएवढी काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. वर बर्फाच्या पेप्सीला असते तशी प्लास्टिकची नळी टोपीसारखी घालायची, म्हणजे काडी सुकत नाही. पाय एकाचे, डोकं दुसऱ्याचं. झाड पुढे काडीचं म्हणून वाढतं, फळ काडीचं येतं.

"म्हणजे जगातला प्रत्येक हापूस एकच झाड आहे," तो म्हणाला. "पहिलं झाड कधीच मेलं असेल. त्याची काडी, त्या काडीच्या झाडाची काडी, अशी ती चालली आहे. नवे पाय घेत."

हे बोलताना तो हसत होता. मला तेव्हा त्यात विशेष काही वाटलं नाही.

काडी कापण्याआधी तिची पानं आठ-दहा दिवस खुडून ठेवावी लागतात, म्हणजे डोळे फुगतात. तो तशी खुडणारच होता, पण तारीख न सांगता गुरुवारी झाड पाडलं. शुक्रवारी तो तिथे जाऊन पडलेल्या फांद्यांवरून मूठभर काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून घेऊन आला. त्यांतल्या तीन त्याला जरा बऱ्या वाटल्या. शनिवारी सकाळी त्याने त्या बांधल्या, तीन काळ्या पिशव्यांत लावल्या आणि प्रत्येकीत नावाची लहान पाटी खोचली. पाटीवर पेन्सिलीने लिहिलं, शेप्या. पेन्सिलीनेच, कारण शाई पावसात जाते. मग तो गडग्याला टेकून बसला. मावशी हात धुऊन आल्या तेव्हा तो तसाच बसलेला होता.

संध्याकाळी विद्यालयातली मुलं आवारातला सोनचाफा ओंजळींनी घेऊन आली. हार करायला वेळ नव्हता. सुटी फुलंच वाहिली.

दहाव्या दिवसापर्यंत दोन काड्या काळ्या पडल्या. मावशींनी त्या पिशव्या मुकाट्याने बाजूला नेल्या. तिसऱ्या काडीचं मला काही कळेना, कारण टोपीच्या आत सगळं धुकं होतं. पण काळं दिसत नव्हतं. आत काहीतरी हिरवं होतं.

शेप्या जमिनीवर कुठेच उरला नव्हता. रस्त्याच्या कडेचा बुंधासुद्धा उपटून काढला होता. त्याचं जे काही होतं ते त्या एका काडीत होतं, आणि ती काडी ज्या हातांनी बसवली ते हात नव्हते. मी रोज सकाळी उठून आधी ती पिशवी बघत असे, मग तोंड धूत असे. ते कलम लागायला हवं होतं. मला दुसरं काही नको होतं.

तेराव्यानंतर मी पुस्तिकेचं काम पुन्हा हातात घेतलं. शनिवारचं रेकॉर्डिंग सगळ्यात ताजं, म्हणून आधी तेच लावलं. त्यात तो रोपवाटिकेचं प्रकरण सांगत होता. मागे चाकूचा आवाज आहे, प्लास्टिकची पट्टी ताणल्यावर होतो तो चुर्र आवाज आहे, कावळा आहे. त्याचा श्वास जरा जड आहे, पण तो वाकून काम करत होता. मी अर्धं वाक्य ऐकून थांबवायची, लिहायची, पुन्हा लावायची. त्याच्या तोंडून "ताई" आलं की मात्र माझं बोट आपोआप पुढे जायचं. पुस्तिकेचं ते नव्हतं, आणि ऐकवतही नव्हतं. असे तीन-चार तुकडे मी त्या रेकॉर्डिंगमध्ये ओलांडले. जे विषयाला धरून होतं ते नेटकं करून लिहिलं. त्यातलं एक वाक्य असं: "कलमाच्या जोडाखाली खुंटावर येणारी फूट वेळोवेळी काढून टाकावी, अन्यथा खुंटच वाढतो आणि काडी मरते." 'अन्यथा' माझं आहे. तो 'नाहीतर' म्हणाला होता.

हे मी लिहिलं, माझ्या अक्षरात, त्या पिशवीपासून वीस पावलांवर बसून.

भाद्रपद लागता लागता टोपीच्या खालच्या कडेतून एक तांबूस टोक बाहेर आलं. चार दिवसांत त्याची दोन पानं झाली, मऊ, लोंबती, तांब्याच्या रंगाची. मी मावशींना हाक मारली. त्या भाजीच्या वाफ्यातून हात पुसत आल्या.

"लागलं, मावशी! लागलं!"

त्या बघत राहिल्या. वाकल्या, पट्टीजवळ बोट नेलं, मागे घेतलं.

"लागलं ना?"

"पानं तर आल्यान," त्या म्हणाल्या.

मी हसले. श्रावणापासून पहिल्यांदा हसले असेन.

आठवड्याने त्या नेहमीप्रमाणे सगळ्या पिशव्यांवरून हात फिरवत, नको ती फूट खुडत निघाल्या होत्या. शेप्याच्या पिशवीपाशी त्या थांबल्या आणि त्यांनी हात पुढे केला. मी खिडकीतून ओरडले.

"त्याला हात लावू नका!"

"बगत व्हत्ये फक्त."

"नकोच. त्याचं मी बघीन."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या पिशवीकडे गेल्या.

त्यानंतर मी बाकीची प्रकरणं घेतली. पावसाळा संपेपर्यंत भाजीपाला झाला. ही शाखा त्याने मावशींच्या मांडवाखाली उभं राहून सांगितली आहे; पडवळाला खाली वजन म्हणून दगड बांधावा की नाही यावर दोघांचं भांडण त्यात आहे. मी भांडण काढलं आणि मांडव ठेवला. थंडीत फुलशेती झाली. "फूल खाता येत नाही, साठवता येत नाही, तरी माणूस ते लावतो," असं तो म्हणतो. तिथे मी बराच वेळ थांबले, कारण डोळ्यांपुढे सुटा सोनचाफा आला. बागरचनेवर त्याने फार वेळ घालवला नाही. "लॉन म्हणजे गाईला दाखवायचं नाही असं गवत," एवढं बोलून तो स्वतःच हसतो. ते मी पुस्तिकेत घेतलं नाही, पण माझ्या वहीत आहे.

मसाल्याची आणि लागवडीची पिकं लिहीत होते त्या दिवसांत पूर्णगडचे एक वृद्ध गृहस्थ आले. आयुष्यभर गलबतांवर आणि नंतर आखातात काम केलेले. भावाकडून त्यांनी कधी काळी नारळाची रोपं आणि वर चढवायला मिरीचे वेल नेले होते. त्यांना काहीच माहीत नव्हतं. फाटकातूनच त्यांनी हाक मारली, "मास्तर, माड फळाला आला, शहाळी आणलीत!" मी बाहेर गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि शहाळी खाली ठेवली.

"कधी?"

"श्रावणात."

"आणि मी त्यांना शिव्या देत होतो की फोन का उचलत नाहीत," ते म्हणाले. बराच वेळ पायरीवर बसले. जाताना त्यांनी विचारलं, "त्यांच्या हातचं काही आहे का अजून इथे?"

मी त्यांना शेप्या दाखवला. तोपर्यंत तो वीतभर वाढला होता. टोपी दिवाळीतल्या वाऱ्याने उडून गेली होती. आतली काडी तपकिरी, सुकल्यासारखी दिसत होती, पण तिच्या बुडातून जोरकस फांदी वर गेलेली. शेंडा जळला तरी बुडाशी जीव धरला, असं मी मनाशी ठरवलं होतं. पट्टी अजून होती. ती दोन-तीन महिन्यांनी सोडायची असते, पण गाठ त्याच्या हातची होती. मला ती सोडवेना.

"माशाल्ला," ते म्हणाले. "हा राहील."

मावशी तिथेच होत्या. त्यांनी झारी उचलली आणि विहिरीकडे गेल्या.

त्या वर्षी मला सगळीकडे भाऊ दिसत होता असं मी म्हणणार नाही. दिसला नाही. पण घर त्याने भरलेलं होतं. चाकू बोथट झाला की मला वाटे, आता कुरकुरेल. कुणी पान चुरगळलं की मी मान वळवत असे. चैत्रात मी काढणीनंतरच्या तंत्राचं प्रकरण लावलं, आंबा उतरवणं, पेंढ्यात आढी घालणं, आणि त्यात तो मुलांना सांगावं तसं सांगत होता, "तोडलेलं फळ मेलेलं नसतं. देठावरून सुटलं तरी ते श्वास घेत असतं. या शाखेत आपण त्या श्वासाची काळजी घेतो, तो लवकर संपू नये म्हणून." मी फोन बंद केला. स्वयंपाकघरात मावशींनी लावलेली आढी होती. मी जाऊन पेंढा बाजूला केला आणि एका आंब्यावर तळवा ठेवला. तो गरम होता. आढीतले आंबे गरम असतातच. मला हे लहानपणापासून माहीत होतं.

आषाढात पुस्तिका पुरी झाली. छापायला देण्यापूर्वी मी ती शेवटची वाचत बसले, शुद्धलेखनासाठी. रोपवाटिकेच्या प्रकरणात एक वाक्य होतं: "जोड पक्का झाल्यावर पट्टी वेळेवर सोडावी, न सोडल्यास ती सालीत रुतून झाडाचा गळा आवळते." मी उठून मागे गेले. पट्टी खरंच रुतली होती. खालच्या वेढ्याच्या वर-खाली साल फुगून आली होती. झाड माझ्या गुडघ्याच्या वर गेलं होतं, पानं गर्द हिरवी, आणि मी त्याचा गळा आवळत होते.

मी त्याचा चाकू आणला. गाठ कापायला जरा वेळ लागला. मग पट्टीचे वेढे एकेक करून उलगडले. शेवटचा वेढा सुटला तसं पट्टीबरोबर काहीतरी माझ्या हातात आलं.

ती काडी होती. पूर्ण वाळलेली, हलकी. तिचं पाचरीसारखं तासलेलं टोक अजून तसंच होतं, दोन्ही बाजूंनी सफाईने उतरवलेलं. ज्या चिरेत ते बसवलं होतं ती चीर उघडी पडली, काळी, कोरडी. आणि फांदी, जिला मी वर्षभर पाणी घातलं होतं, त्या चिरेच्या बोटभर खालून निघाली होती.

जोडाखालून.

मी वर्षभरात त्या झाडाचं एकही पान तोडलं नव्हतं. आता तोडलं, चुरगळलं, नाकाशी नेलं. कैरीच्या सालीचा वास आला. कुठल्याही आंब्याच्या पानाचा येतो तसा. दुसरं तोडलं. तिसरं तोडलं.

मग मी फोन आणला आणि शनिवारचं रेकॉर्डिंग लावलं, या वेळी न थांबवता. निचरा, खुंट, चीर. पट्टीचा चुर्र आवाज. कावळा. आणि मग ते तुकडे आले जे मी ओलांडले होते. पहिल्यात तो फक्त विचारत होता, ताईने औषध घेतलं का. दुसऱ्यात, ताईला सांग दुपारी पोळ्या नकोत, भात पुरे. तिसरा असा होता:

"मावशी, ही तीन पोरं तुझ्या ताब्यात. माझ्या मागे काही झालं गेलं तर खालची फूट ठेवायची नाही. दिसली की खुडायची. ताईला दया येईल. ती म्हणेल राहू दे. तिचं ऐकू नकोस."

माझ्या मागे म्हणजे सोमवारी तो दाभोळला जाणार होता, विद्यालयाच्या कामासाठी, दोन दिवसांकरता. एवढंच त्याला म्हणायचं होतं.

मावशींचा आवाज त्यात आहे. "आयकू नको म्हंजे? ताय वराडतील."

"ओरडू दे की."

मी मान वर केली तेव्हा मावशी मांडवाच्या खांबाला धरून उभ्या होत्या. त्याचा आवाज ऐकून आल्या असाव्यात. माझ्या मांडीवरची काडी त्यांनी पाहिली.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"व्हय."

"पहिल्या दिवसापासून."

"माज्यासमोरच बोल्ले ना त्ये."

"मग खुडली का नाहीत?"

"खुडाया आल्ये व्हत्ये. तुमी खिडकीतनं वराडलाव."

"त्याने सांगितलं होतं ना, ऐकू नको म्हणून!"

त्यांनी पदराने खांब पुसल्यासारखं केलं.

"तुमी त्या दिशी हसलाव, ताय," त्या म्हणाल्या. "पानं आली तवा. किती दिसांनी हसलाव. मी काय सांगू? ह्ये तुमचं न्हाय, खालचं हाय, असं सांगू?"

"सांगायचं होतं."

"व्हय. सांगाया हवं व्हतं."

आम्ही दोघी तिथे बसून राहिलो. फोन बंद करायचा राहिला होता. तो पुढे ओलाव्याबद्दल बोलत होता. मावशींनीच हात लांबवून तो बंद केला. बंद कसा करायचा हे त्यांना माहीत होतं, हे मला माहीत नव्हतं.

"तेव्हा काडी जिवंत होती का?" मी विचारलं. "मी ओरडले तेव्हा. टोपीच्या आत?"

"हिरवी व्हती."

"फूट खुडली असती तर जगली असती?"

त्यांनी काडी उचलली, तिचं टोक अंगठ्याने चाचपलं.

"दोन गेल्या तशी ही पन गेली असती. पानं खुडल्याली न्हवती, डोळं फुगल्यालं न्हवतं. मास्तर सोता म्हनत व्हते, न्हाय लागायची."

"नक्की?"

"नक्की कोन सांगल, ताय?"

त्यांनी मला खोटं सांगितलं असतं तर ते मी मानलं असतं. त्यांनी सांगितलं नाही. वर्षभर गप्प राहिलेल्या बाईला त्या दिवशी ते जमलं नसावं.

दुसऱ्या दिवशी मी शेप्या होता तिथे जाऊन आले. रस्ता रुंद झाला आहे. ती जागा नेमकी कुठली हे मला सांगता आलं नाही. गटाराच्या काठावर मी थोडी चालले, गवतात आंब्याचं एखादं रोप आहे का बघत. रोपं होती, दोन-तीन. मी प्रत्येकाचं पान चुरगळलं. मग माझ्या लक्षात आलं की मूल तसं निघतंच असं नाही, वास आला नाही तरी ती त्याची असू शकतात. मी परत आले. वैशाखात धुऊन ठेवलेल्या चार कोयी मी त्याच वेळी टाकून दिल्या होत्या, तो नको म्हणाला म्हणून.

पुस्तिका छापून झाली. त्याआधी जोडाखालच्या फुटीचं वाक्य मी बदललं. 'अन्यथा' काढून 'नाहीतर' घातलं. आणि त्याच्यापुढे एक वाक्य जोडलं जे त्याचं नाही, माझं आहे: "नवशिक्याला ही फूट कलमाचीच वाटते, म्हणून पाने पाहू नयेत, ती कुठून निघाली ते पाहावे." मावशींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, बराबर हाय.

ते झाड फेकायचं की ठेवायचं हे मावशींनी मला विचारलं. खुंटाची कोय कुठली हे आम्हाला सांगता येत नाही; ढिगातली एक होती. ती रुजवली मात्र त्यानेच होती. श्रावणात आम्ही दोघींनी मिळून खड्डा केला आणि त्याला गडग्याच्या आत, तो बसला होता त्या जागेजवळ लावलं. पाटीवर अजून पेन्सिलीचं 'शेप्या' वाचता येत होतं. मी ती पाटी काढली आणि वहीत ठेवली. काडीही वहीत आहे.

शेप्या आता कुठेही नाही. गडग्याच्या आत एक रायवळ आंबा आहे, माझ्या कमरेएवढा. त्याला अजून नाव नाही.